एक ओगराळे जुने पाणी

बारकी माझ्या दारात आली ती भर दुपारी, पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून. एक तिची, दुसरी तिच्या खोलीतल्या मैत्रिणीची. एरवी मी हसले असते. बारकी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची शेंडेफळ. पाच वर्षे विद्यापीठात समुद्रातल्या छोट्या जिवांवर प्रबंधाचे काम करत होती, आणि या पाच वर्षांत तिला इतकी गबाळी मी कधी पाहिली नव्हती.

"मावशी, मला खोटारडी ठरवलंय," ती म्हणाली. "आकडे घरी बसून बनवले म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. चौकशी समिती नेमलीय, सोमवारी बोलावलंय. मॅडम म्हणाल्या, तूच आपणहून नाव काढून घे, म्हणजे बोभाटा होणार नाही."

मॅडम म्हणजे विभागप्रमुख. त्याच बारकीच्या मार्गदर्शकही. पाच वर्षे हिच्या कामाचे तक्ते परिषदांत मिरवले, आणि वेळ आली तशा काखा वर करून मोकळ्या झाल्या.

मी तिला पाणी दिले, खुर्चीत बसवले आणि पहिल्यापासून सांगायला लावले. खरे तर त्यातले अर्धेअधिक मला सांगायची गरजच नव्हती. त्याच विभागात मी चौतीस वर्षे प्रयोगशाळा सहायिका होते. बारकी ज्या प्राण्यावर काम करत होती, त्याच्या टाक्या तीस वर्षे मीच सांभाळल्या. वाळूत राहणारा, तांदळाच्या कणीएवढा चपटा किडा. अंड्यातून निघतो तेव्हा पांढुरका, आरपार दिसणारा. मग पाण्यातले सूक्ष्म शेवाळ गिळतो, पण पचवत नाही. कातडीखाली ठेवून घेतो आणि हिरवागार होतो. शेवाळ उजेडावर अन्न तयार करते, त्यावर किडा जगतो, आणि शेवाळाला राहायला सुरक्षित जागा मिळते. पुस्तकात याला सहजीवन म्हणतात. आम्ही टाक्यांपाशी त्यांना नुसते 'हिरवे' म्हणायचो. पिल्लू दहा-बारा दिवसांत हिरवे झाले नाही, तर ते गेलेच म्हणून समजायचे.

बारकीच्या टाक्यांत शंभरातली नव्वद पिल्ले हिरवी होत. त्यावरच तिचा सगळा प्रबंध उभा होता. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाने तिची पद्धत शब्दशः वापरून पाहिली, तर त्यांच्याकडे शंभरात नऊ झाली. पुन्हा केली, आठ. त्यांनी सरळ कुलगुरूंना पत्र लिहिले.

"तू जुनं पाणी घालत होतीस ना?" मी विचारले.

"घालतच होते! तू पहिल्या आठवड्यात येऊन दाखवलंस तस्सं. दर सोमवारी टाकी बदलताना जुन्यातलं एक ओगराळं नव्यात."

"आणि वहीत लिहिलंस?"

ती पायातल्या चपलांकडे बघत राहिली. "वहीत लिहिलंय, 'टाक्यांची देखभाल पूर्वी प्रसिद्ध झालेल्या पद्धतीप्रमाणे.' सगळे तसंच लिहितात, मावशी. सरांच्या निबंधाचा संदर्भ द्यायचा की झालं." सर म्हणजे पूर्वीचे विभागप्रमुख; या किड्यांवरचा पहिला मोठा निबंध त्यांचाच.

"आणि सरांच्या निबंधात ओगराळं नाही."

"मी तो निबंध वीसदा वाचलाय गं. माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

माझ्याही आले नसते. हात आपोआप करतो ते कुणी कागदावर शोधायला जात नाही.

"मॅडमना सांगितलंस पाण्याचं?"

"सांगितलं ना. त्या म्हणाल्या, म्हणजे स्वच्छ पाण्यात तू घाण मिसळत होतीस हे कबूल करतेस? तेसुद्धा लिहून घेतलं माझ्याकडून."

"मग त्यांना म्हणावं, चला टाक्यांपाशी, दाखवते."

"टाक्या कुठायत? परवा रिकाम्या केल्या सगळ्या. ब्लीचनं धुतल्या. चौकशी आहे म्हणून खबरदारी."

मी उठून उभी राहिले आणि पुन्हा बसले. तीस वर्षे. दोन वेळा वादळाने वीज गेली तेव्हा त्या टाक्यांत हातपंपाने हवा भरली होती मी. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टाक्या बघायला गेले म्हणून सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता. ते सगळे एका सकाळी नालीत. तेही खबरदारी म्हणून.

"मावशी, तू बोल ना काहीतरी," बारकी म्हणाली.

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेले. तिथे काचेची मोठी बरणी ठेवली आहे, झाकणाला भोके पाडलेली. निवृत्त झाले त्या दिवशी विभागाने मला भिंतीवरचे घड्याळ दिले होते, आणि मी न विचारता एक बरणी भरून घेतली होती. घड्याळ केव्हाच बंद पडले. बरणी अकरा वर्षे चालू आहे. आटेल तेवढे गोडे पाणी, पंधरवड्याने किनाऱ्यावरून आणलेले खारे, आणि पाणी बदलताना एक ओगराळे जुने. बहीण नेहमी टोमणा मारते, "लोक कुत्रं पाळतात, मांजर पाळतात. आमच्या ताईनं गढूळ पाणी पाळलंय." त्या गढूळ पाण्याच्या तळाशी, ऊन येते त्या बाजूला, हिरवा पट्टा दिसत होता.

बारकीने काचेला नाक लावले. मग ती रडली. मी रडू दिले.

आता हे ओगराळे आले कुठून ते सांगते, कारण माझ्या संतापाचे मूळ तिथे आहे.

मी लागले तेव्हा सर तरुण होते. किनाऱ्यावरून पत्र्याच्या डब्यांत किडे घेऊन यायचे, गुडघ्यापर्यंत ओले. टाक्या दर सोमवारी ॲसिडने धुवायच्या, तीनदा गाळलेले पाणी भरायचे, बाटलीत वाढवलेले शुद्ध शेवाळ घालायचे. इतके सोवळे करूनही पिल्ले पांढरीच राहत आणि मरत. सर चिडायचे, माझ्यावर ओरडायचे, "ताई, टाकीला साबण राहिला असेल!" साबण कसला राहतोय. मी तीनदा विसळायची.

एका सोमवारी एका टाकीच्या कोपऱ्यात अंड्यांचा पुंजका चिकटून बसला होता. खरवडायचा जीव होईना. म्हणून मी घरून डब्याबरोबर आलेले एनॅमलचे ओगराळे घेतले, पुंजक्यासकट तेवढे पाणी उचलले आणि नव्या टाकीत सोडले. पितळेचे असते तर सगळी मेली असती. तांब्या-पितळेचे या जिवांना विष होते, हेही मला पुढे कळले. अकराव्या दिवशी त्या एकाच टाकीत सगळी पिल्ले हिरवी. नुसती त्या पुंजक्यातली नव्हे, नंतर सोडलेलीसुद्धा. पुढच्या सोमवारी मी दोन टाक्यांत घातले, दोन कोरड्या ठेवल्या. मग चार आणि चार. मग सरांना बोलावून दाखवले.

ते बराच वेळ वाकून बघत होते. मग हसले. "ताई, ही प्रयोगशाळा आहे, स्वयंपाकघर नाही. विरजण लावल्यासारखं काय करताय?"

"पण जगतात, सर."

"जगतात ना? मग घाला," असे म्हणून ते गेले.

त्यांना माहीत नव्हते असे कुणी म्हणू नये. जन्मभर घातले ते त्यांच्या शब्दावर.

दोन वर्षांनी त्यांचा मोठा निबंध तयार झाला. टाक्यांचे काम माझे, म्हणून तो भाग मी लिहून द्यावा असे त्यांनीच सांगितले. मी तीन दिवस खपून एक पान लिहिले, टंकलेखिकेने ते टाइप केले. परत आले तेव्हा एक ओळ जांभळ्या शाईने आडवी खोडलेली होती. सरांची शाई जांभळी. सगळ्या विद्यापीठात दुसऱ्या कुणाची नव्हती, आम्ही मागे त्यांना 'जांभळी शाई'च म्हणायचो. मी काही बोलले नाही. त्या निबंधावर सरांना मानमरातब मिळाले, विभागाला नवी इमारत मिळाली, माझे आभारसुद्धा नव्हते. त्याचे मला फारसे वाटले नाही, खरेच. ओळ खोडल्याचे वाटले. ती ओळ बरोबर होती.

आणि आता त्याच खोडलेल्या ओळीपायी आमच्या पोरीवर खोटेपणाचे खापर. समितीचे अध्यक्ष कोण? तर सरच. निवृत्त झाले तरी मानद प्राध्यापक, आणि या विषयात त्यांच्याएवढा जाणकार दुसरा नाही म्हणून.

"सर आहेत ना, मग बरं झालं," मी बारकीला म्हणाले. "त्यांना सगळं ठाऊक आहे. एक वाक्य बोलले की संपलं."

"तू नको येऊस पण," ती म्हणाली. "उगाच वाद होईल."

"वाद कशाला होईल? मी काय भांडखोर आहे?"

ती पहिल्यांदा हसली. बहुधा मी भांडखोर आहे म्हणून.

सोमवारी सकाळी मी कापडी पिशवीत माझ्या सात वह्या घातल्या आणि तिच्याबरोबर गेले. रोजच्या नोंदींच्या अशा तीस वह्या माझ्या पलंगाखाली आहेत. निवृत्त झाले तेव्हा विभागातल्या कुणालाही त्या नको होत्या, म्हणून घरी आल्या. विकतच्या नव्हेतच त्या. सहायकांना कोरे कागद मिळत नसत, तेव्हा टाकून दिलेले पाठकोरे कागद मी गोळा करायची, दुमडून दाभणाने शिवायची आणि कोऱ्या बाजूला लिहायची.

समितीची खोली मला परकी नव्हती. पूर्वी तिथे आमचे सूक्ष्मदर्शक असत. आता लांबलचक टेबल, त्यावर काच, काचेवर कपांच्या तळांची वर्तुळे. भिंतीवर माजी विभागप्रमुखांच्या तसबिरी, त्यांत सर दोनदा. टेबलाशी तिघे होते. मधे सर, डावीकडे मॅडम, आणि उजवीकडे कुलसचिवांच्या कचेरीतले एक गृहस्थ, ज्यांना या विषयातले काही कळत नव्हते आणि तसे ते दर पाच मिनिटांनी सांगत होते.

"अरे, ताई!" सर उठून उभे राहिले. केस पांढरे झाले होते, बाकी तेच. "किती वर्षांनी! पाय कसा आहे तुमचा?"

माझा पाय कधीच दुखत नव्हता. दुखायचा तो स्टोअरकीपरचा.

"बरा आहे," मी म्हणाले.

मॅडमनी घसा साफ केला. "समितीपुढे फक्त संबंधित व्यक्तींनाच बसता येतं."

"मी संबंधितच आहे. ज्या पाण्याबद्दल चाललंय ते माझं आहे."

"असू द्या, असू द्या," सर म्हणाले. "ताईंनी आमच्या टाक्या फार मायेनं सांभाळल्या. टाक्यांशी गाणीसुद्धा म्हणायच्या!"

गृहस्थ हसले. मॅडमही हसल्या.

"गाणी रेडिओवर लागायची, सर," मी म्हणाले. "तुमच्याच रेडिओवर."

मग त्यांनी बारकीला विचारायला सुरुवात केली. ती उभी होती, बसा असे कुणी म्हटले नव्हते. जुने पाणी घालायला कुणी सांगितले? मावशींनी. त्याची नोंद? नाही. प्रसिद्ध पद्धतीत तसे आहे? नाही. मग ही गोष्ट पत्र आल्यानंतरच कशी आठवली? प्रत्येक उत्तराला मॅडमचे पेन कागदावर चालत होते. पोरीचा आवाज बारीक होत चालला होता.

मी सरांकडे बघत होते. आता बोलतील, आता बोलतील. शेवटी मीच म्हणाले, "सर, तुम्ही सांगा ना. ओगराळं तर तुमच्या परवानगीनं सुरू झालं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ताई, तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण ते ओगराळ्याचं मला तरी आठवत नाही. आणि या वयात, बरं का, काही आठवणी मागाहून तयार होतात. त्यात कुणाचा दोष नसतो."

इतक्या गोड आवाजात मला कुणी थोबाडीत मारली नव्हती. मी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान आहे. टाकीचे पाणी चाखून खारटपणा बरोबर आहे का ते मी सांगायची तेव्हा आठवणी चालत होत्या!

"मागाहून?" मी म्हणाले, आणि पिशवी टेबलावर उपडी केली. काचेवर धाडकन आवाज झाला. "ही घ्या आठवण. प्रत्येक सोमवार आहे."

मॅडमनी हात लावला नाही. कुलसचिवांच्या कचेरीतल्या गृहस्थांना मात्र वही म्हटल्यावर हुरूप आला. वह्या त्यांना कळत होत्या. त्यांनी एक उघडली.

"हे 'जु. पा. १ ओ.' म्हणजे काय?"

"जुनं पाणी, एक ओगराळं."

"हो, दर सातव्या दिवशी आहे." ते पाने उलटत राहिले. "हेही आहे. हेही आहे. नियमित नोंद दिसतेय, मॅडम. आमच्याकडेसुद्धा इतकी नियमित... हे मागच्या बाजूला काय टाइप केलंय?"

"पाठकोरे कागद आहेत ते. विभागाच्या रद्दीतले."

त्यांनी वही तिरकी धरली आणि शाळेतल्यासारखे मोठ्याने वाचायला लागले. "'टाकी बदलताना जुन्या टाकीतील एक ओगराळे पाणी नव्या टाकीत मिसळावे; अन्यथा पिल्ले हिरवी होत नाहीत.' हे खोडलंय कुणीतरी. बाजूला लिहिलंय, 'काढा. लोक हसतील.'"

खरे सांगते, तो कागद त्या वहीत आहे हे मला ठाऊक नव्हते. ओळ खोडली हे ठाऊक होते, एवढी वर्षे उशाशी घेऊन झोपले होते मी ते. पण तेच पान इतर रद्दीबरोबर मीच शिवून ठेवले असेल आणि त्याच्या पाठीवर सोमवारची नोंद केली असेल, हे ध्यानीमनी नव्हते.

"हे कुणी लिहिलंय?" गृहस्थांनी निरागसपणे विचारले.

टेबलावर त्या दिवशीच्या हजेरीचा कागद होता. पहिली सही सरांची. जांभळी. गृहस्थांची नजर वहीवरून कागदावर गेली, कागदावरून वहीवर आली, आणि त्यांनी वही हळूच काचेवर ठेवली.

"कच्चा मसुदा आहे तो," सर म्हणाले. "मसुद्यात पुष्कळ गोष्टी खोडल्या जातात."

"पण साहेब, मघाशी तर आपण म्हणालात की आठवत नाही. मला यातलं काही कळत नाही, पण..."

"सर," बारकी म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मावशीवर पण नका ठेवू. करून बघा. तुमच्यासमोर करते, किल्ली तुमच्याकडे ठेवा."

"कशावर करणार?" मॅडम म्हणाल्या. "जुनं पाणी आता..." आणि मधेच थांबल्या. जुने पाणी कुणी ओतले ते सगळ्यांना ठाऊक होते.

"माझ्याकडे आहे," मी म्हणाले. "स्वयंपाकघरात."

बरणी मी स्वतः मांडीवर घेऊन गेले, रिक्षावाल्याला तीनदा हळू चालवायला सांगत. विभागाच्या कोपऱ्यातल्या खोलीत अठरा काचपात्रे मांडली. सगळ्यांत गाळलेले पाणी, तेच शुद्ध शेवाळ, आणि बरणीतल्या किड्यांची अंडी धुऊन त्यांतून निघालेली प्रत्येकी दहा पिल्ले. सहांत काहीच जास्त नाही. सहांत जुने पाणी. उरलेल्या सहांचे बारकीने सुचवले: जुनेच पाणी, पण उकळून थंड केलेले. मला तिचे कौतुक वाटले. इतकी वर्षे मला ते सुचले नव्हते.

"किती मिलिलिटर घालायचं?" मॅडमनी विचारले.

"टाकीला एक ओगराळं."

"म्हणजे किती?"

"म्हणजे एक ओगराळं."

मग काय, माझे ओगराळे आणले. कडेचे एनॅमल उडालेले, दांडा वाकलेला. दोन प्राध्यापकांनी ते काठोकाठ भरून मोजपात्रात ओतले, डोळे रेषेच्या पातळीत आणून बघितले. पुन्हा भरले, पुन्हा ओतले. एकशे चाळीस. तीनदा तेच आले तेव्हा मॅडमनी माझ्याकडे पाहिले. काचपात्रांच्या मानाने त्याचा हिस्सा काढला. खोलीला कुलूप लागले, किल्ली मॅडमच्या पर्समध्ये गेली.

ते बारा दिवस बारकी माझ्याकडेच राहिली. जेवायची नाही, नुसती चिवडायची. बहीण फोनवर रोज विचारायची, "झाली का गं हिरवी?" जसे काही पिल्ले नाहीत, नातवंडे.

बाराव्या दिवशी कुलूप उघडले. बघायला भिंगाचीही गरज नव्हती. कोऱ्या पात्रांत साठातली पाच हिरवी, बाकीची पांढरी किंवा नाहीशीच. उकळलेल्या पाण्याच्या पात्रांत चार. जुन्या पाण्याच्या पात्रांत चोपन्न. मॅडम खाली वाकून बघत राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला माणसासारखा दिसला.

"उकळल्यावर जातं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे जिवंत काहीतरी आहे. जिवाणू असणार. किडा, शेवाळ आणि तिसरं कुणीतरी... त्याच्याशिवाय ही दोघं जमतच नाहीत." मग बारकीला म्हणाल्या, "अगं, हा तर तुझ्या प्रबंधापेक्षा मोठा विषय आहे!"

"हो मॅडम," बारकी म्हणाली. "तो टाक्यांत होता. धुतल्या आपण."

पोरगी माझीच भाची आहे.

पण इतक्याने सुटका नव्हती. समितीने तोंडी सांगितले, मुलगी निर्दोष आहे. लेखी मात्र तेव्हाच देणार, जेव्हा सर आपल्या जुन्या निबंधाला दुरुस्ती पाठवतील. तोवर बाहेरचे परीक्षक तिचा प्रबंध हातात घेणार नव्हते, आणि मुदत होती शुक्रवारपर्यंत.

शुक्रवारी अकरा वाजता सरांनी आम्हा दोघींना त्यांच्या खोलीत बोलावले. खिडकीत तोच जुना रेडिओ होता. त्यांनी दुरुस्तीचा टाइप केलेला कागद पुढे केला. सही तेवढी बाकी होती. मी चष्मा लावून वाचला. 'टाक्यांच्या देखभालीत विभागातील एका सहायिकेच्या सवयीनुसार जुन्या टाकीतील पाणी मिसळले जात असे. ही बाब मूळ निबंधात अनवधानाने राहून गेली.'

"झालं ना, ताई?" सर म्हणाले. "मुलीचं काम झालं. चारचौघांत माझी शोभा केलीत, पण माझ्या मनात काही नाही."

त्यांच्या मनात काही नव्हते!

"सर, पेन देता?"

त्यांना वाटले मला साक्षीची सही करायची आहे. त्यांनी खिशातले पेन काढून दिले. मी 'अनवधानाने' या शब्दावर आडवी रेघ मारली. शाई तीच होती अजून.

"मावशी!" बारकी कुजबुजली. घड्याळात सव्वाअकरा झाले होते, आणि तिची पाच वर्षे त्या टेबलावर पडली होती. मला दिसत होते. तरी रेघ सरळ आली.

"राहून नाही गेली. काढली," मी म्हणाले. "तेवढं लिहा. का काढली ते नका लिहू, मी आग्रह धरत नाही."

"त्या एका शब्दानं मुलीला काय फरक पडतो? उलट मी सही केली नाही तर..."

"सर, तिला याच एका ओळीनं बुडवलं होतं. आता दुसरी खोटी ओळ तिच्या प्रबंधाला जोडायची?"

ते बारकीकडे वळले. "तू समजाव यांना. पदवी तुझी आहे."

बारकी माझ्याकडे बघत होती, मग कागदाकडे. "मला त्या सोमवारी वहीत का लिहिलं नाहीस म्हणून विचारलं सर तुम्ही," ती सावकाश म्हणाली. "उभं करून विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. आता तुम्ही सांगा."

खाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले.

"लोक हसतील, ताई," सर म्हणाले. आता त्या आवाजात गोडवा नव्हता. नुसता एक म्हातारा माणूस बोलत होता, आणि मला कळले की तरुणपणीही त्याला तेवढीच भीती वाटत होती. कळले म्हणून राग गेला असे नाही.

"हसू देत. चोपन्न हिरवी झाली. त्यांना हसायचं असेल तर ती मोजून हसू देत."

त्यांनी कागद ओढून घेतला. 'राहून गेली'वर स्वतःच रेघ मारली, वर 'वगळण्यात आली' लिहिले. मग 'एका सहायिकेच्या' या शब्दांपाशी पेन थांबले. त्यांनी वर पाहिले.

"ताई... तुमचं पूर्ण नाव काय?"

तीस वर्षे मी त्या माणसाबरोबर काम केले. त्यांच्या मुलांची नावे मला ठाऊक, त्यांच्या डोळ्यांचा नंबर ठाऊक, रागावले की कपात साखर किती घालायची ते ठाऊक. आणि त्यांना माझे आडनाव विचारावे लागले! त्या सगळ्या महिन्यात मला सर्वांत जास्त संताप आला तो त्या क्षणी. मी कागद परत माझ्याकडे घेतला आणि माझे नाव माझ्या हाताने लिहिले, वडिलांच्या नावासकट, ठळक. त्यांनी खाली सही केली. बारकी कागद घेऊन अशी पळाली की जिन्यात एक चप्पल सुटली.

लेखी पत्र मुदतीच्या आत निघाले. त्यात 'गैरसमज' असा शब्द आहे. तो बदलायला मी गेले नाही, कारण बारकीने हात जोडले.

आता तिच्या प्रबंधात टाक्यांच्या देखभालीवर दोन पाने आहेत, ओगराळ्याच्या मापासकट. समुद्रापलीकडच्या विद्यापीठाला जुन्या पाण्याची बाटली पाठवली, त्यांचीही पिल्ले हिरवी झाली. त्यांनी माफीचे पत्र लिहिले, फक्त कुलगुरूंना.

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. प्रयोगानंतर तिथेच राहिलेले माझे ओगराळे विभागाच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात ठेवायचे ठरले आहे, खाली पाटी लावून. मी उद्घाटनाला यावे. मी त्यांना सांगितले की उद्घाटनाला येत नाही, ओगराळे न्यायला येते. कपाटात ठेवायला ते काय मेले आहे? दर सोमवारी त्याला काम असते.

मॅडम म्हणाल्या, "बरं. मग टाक्यांपाशीच ठेवते. पण ताई, एकदा येऊन आमच्या नव्या मुलींना दाखवाल का, कसं घालायचं ते?"

"दाखवीन," मी म्हणाले. "पण त्यांच्या हातात वही असू द्या. आणि कोरी."